एनक्लेक्स-आरएन: सेफ केअरचे प्रश्न नेमके कुठे चुकतात? (सांगली-मिरज-कराड)

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

एनक्लेक्स-आरएन म्हणजे अमेरिकेत नर्सचे लायसन्स मिळवण्याची परीक्षा. तिला बसणाऱ्या इकडच्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी हा धागा. सगळा अभ्यासक्रम इथे नको. पेशंटची सुरक्षितता एवढाच विषय ठेवू. २०२३ च्या टेस्ट प्लॅनमध्ये तो दोन तुकड्यांत येतो: मॅनेजमेंट ऑफ केअर १५ ते २१ टक्के आणि सेफ्टी व इन्फेक्शन कंट्रोल १० ते १६ टक्के. दोन्ही मिळून कमीत कमी पाव पेपर झाला. औषधांचे १३ ते १९ टक्के वेगळे, पण त्यातलेही बरेच प्रश्न शेवटी सुरक्षिततेवरच येऊन थांबतात.

आपल्याकडे कोर्स पास झाला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, त्यामुळे लायसन्सची परीक्षा हा प्रकारच सवयीचा नाही. युनिव्हर्सिटीच्या पेपरात व्याख्या लिहा, टीपा लिहा, जेवढे लिहाल तेवढे मार्क. एनक्लेक्स विचारते की या पेशंटला आत्ता कशाचा धोका आहे आणि तुमचा हात आधी कशाकडे जाणार. बरेचदा चारही पर्याय करण्यासारखेच असतात. त्यातला पहिला कोणता, हे ओळखायचे असते.

परीक्षेची घडण थोडक्यात. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास, मधल्या सुट्टीचा वेळही त्यातच धरलेला. उत्तर दिले की मागे जाता येत नाही. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत जाते, आणि तुम्ही पासिंगच्या रेषेच्या वर आहात की खाली हे कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्रीने कळले की परीक्षा थांबते. ८५ व्या प्रश्नाला बंद पडली म्हणजे पास असे नाही आणि नापास असेही नाही. १५ प्रश्न फक्त चाचणीसाठी घातलेले असतात, ते मोजत नाहीत. पण कोणते ते कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न खराच समजून सोडवायचा.

वॉर्डातल्या ज्या सवयी या परीक्षेत नडतात, त्यांच्यापासून सुरुवात करू. ज्यांना जे पक्के माहीत आहे ते लिहा.

नाईटसिस्टर_मिरज

पहिला प्रश्न माझाच घ्या. "डॉक्टरांना कळवा" हा पर्याय कधी बरोबर आणि कधी चूक? प्रॅक्टिसच्या प्रश्नांत कधी तोच बरोबर येतो, कधी तोच घेतला म्हणून चुकते. नियम काय?

कृष्णाकाठ

हा पर्याय वाचलात की आधी एवढे बघा: फोन उचलल्यावर डॉक्टर जे विचारतील ते प्रश्नात दिले आहे का? दिले नसेल तर आधी तपासायचे. दिले असेल आणि तुमच्या हातात पेशंटला लगेच सावरणारे काही असेल, तर आधी ते करायचे. दोन्ही झाले असेल किंवा तुमच्या हातात काहीच नसेल, तर मग कळवायचे.

उदाहरण. ऑपरेशननंतरचा पेशंट "दम लागतोय" म्हणतो, प्रश्नात बाकी काही नाही. इथे ऑक्सिजन सॅच्युरेशन, श्वासाची गती आणि छातीचे आवाज तपासणे हे उत्तर. हाच पेशंट सॅच्युरेशन ८२ आहे, ओठ निळे आहेत असे लिहून आला तर तपासणी झालीच आहे. आता डोक्याकडची बाजू उंच करून ऑक्सिजन लावायचा, मग कळवायचे. तिसरा प्रकार: पोटाच्या ऑपरेशनची जखम उसवून आतडे बाहेर आले आहे. पेशंटजवळच थांबायचे, दुसऱ्या कोणाकडून सर्जनना बोलवायचे, निर्जंतुक गॉज नॉर्मल सलाईनमध्ये भिजवून झाकायचे, गुडघे वाकवून लो फाउलर पोझिशन (डोके थोडेसेच उंच) द्यायची. आतडे आत ढकलायचे नाही. तोंडाने काही द्यायचे नाही.

आपल्याकडे काहीही झाले की आधी आरएमओना (निवासी डॉक्टरांना) फोन जातो, कारण ऑर्डरशिवाय हात लावायचा नाही हे आपल्या अंगात मुरलेले आहे. परीक्षेत मात्र नर्सच्या अखत्यारीत काय येते ते स्पष्ट धरलेले आहे: पोझिशन, सक्शन, ऑक्सिजन, चालू इन्फ्युजन थांबवणे, तपासणी. हे करायला परवानगी लागत नाही.

कराडचा_ब्रदर

आधी कोणाला बघायचे, हे प्रश्नही याच माळेतले. सराव म्हणून एक घ्या. ड्यूटी घेतली, चार पेशंट आहेत. एक सीओपीडीचा (फुफ्फुसाचा जुनाट आजार), २ लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९०. दुसरा डायबेटिसचा, साखर २१०. तिसरीचे थायरॉइड ६ तासांपूर्वी काढले आहे, ओठांभोवती मुंग्या येतात म्हणते. चौथा कालच्या हर्नियाच्या ऑपरेशनचा, दुखणे १० पैकी ७. आधी कोण?

तासगावची_लेक

सीओपीडीवाला. सॅच्युरेशन कमी आहे, श्वास आधी.

कराडचा_ब्रदर

ताई, इथेच फसायला होते. सीओपीडीच्या पेशंटला ८८ ते ९२ हेच लक्ष्य असते, म्हणजे ९० त्याच्यासाठी अपेक्षित आकडा आहे. २१० साखर बघायला हवी, पण मिनिटाच्या हिशोबात नाही. ७ दुखणे त्रासाचे आहे, जिवाचे नाही. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइडला (कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या ग्रंथींना) धक्का लागला तर कॅल्शियम उतरते, मुंग्या ही त्याची पहिली खूण, आणि पुढे स्वरयंत्र आवळून श्वास बंद होऊ शकतो. म्हणून तिसरी. तिच्या खाटेजवळ ट्रॅकिऑस्टॉमीचा सेट आणि कॅल्शियम ग्लुकोनेट तयार हवे.

श्वास आधी, हे तुमचे बरोबरच आहे. त्याला आणखी एक चाळणी लावा: हे या आजारात अपेक्षित आहे की अनपेक्षित? जुने की नवे? अनपेक्षित आणि नवे असेल तो पेशंट वर येतो.

वाळवेकर

डेलिगेशनबद्दल, म्हणजे कोणते काम कोणाला सोपवायचे याबद्दल लिहितो, कारण यातली माणसेच आपल्या वॉर्डात तशी नसतात. तिकडे तीन पायऱ्या धरलेल्या आहेत: आरएन (रजिस्टर्ड नर्स), त्याखाली एलपीएन (मर्यादित कामांचे लायसन्स असलेली नर्स), त्याखाली यूएपी (लायसन्स नसलेले मदतनीस). आपल्या मावशी आणि मामा यूएपीच्या जवळ जातात. एलपीएनला आपल्याकडे नेमका जोड नाही, आणि तिथेच आपली मंडळी अडखळतात.

आरएनने दुसऱ्याला द्यायची नाहीत अशी कामे: पहिली तपासणी, केअर प्लॅन, पहिल्यांदा शिकवणे, केलेल्याचा परिणाम झाला का ते ठरवणे, अस्थिर पेशंट. एलपीएनला स्थिर पेशंट द्या, ज्याचे पुढे काय होणार याचा अंदाज आहे असा. तोंडाची औषधे, इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, आधीच शिकवलेल्याची उजळणी हे ती करते. यूएपीला आंघोळ, जेवण, चालवणे, इनटेक-आउटपुट मोजणे आणि स्थिर पेशंटचे बीपी-पल्स.

"स्थिर" हा शब्द डोळ्यासमोर ठेवा. स्थिर पेशंटचे बीपी यूएपी घेऊ शकते. रक्त चढवायला सुरुवात झाल्यावर पहिल्या १५ मिनिटांचे बीपी तिला द्यायचे नाही. जेवण भरवणे यूएपीचे काम, पण कालच स्ट्रोक झालेला, गिळायला त्रास असलेला पेशंट तिच्याकडे नाही. काम तेच, पेशंट बदलला की उत्तर बदलते.

दुसरी गोष्ट नातेवाइकांची. आपल्या वॉर्डात निम्मी सेवा नातेवाईक करतात: पाजणे, कूस बदलणे, सलाईन संपली हे सांगायला येणे. परीक्षेत नातेवाइकावर असे काम टाकणारा पर्याय दिसला की बाजूला ठेवा. त्यांना शिकवता येते, जबाबदारी देता येत नाही. भाषा कळत नसेल तर दुभाषी म्हणूनही मुलगा-सून चालत नाहीत, प्रशिक्षित दुभाषीच लागतो.

नाईटसिस्टर_मिरज

संमतीपत्राचेही तसेच ना? आपल्याकडे मुलाची किंवा नवऱ्याची सही घेतात.

वाळवेकर

हो. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचाच, बाकी घर काही म्हणो. ऑपरेशन काय, धोके काय, दुसरे पर्याय काय हे सर्जनने सांगायचे. नर्स फक्त साक्षीदार: सही याच माणसाने केली, स्वखुशीने केली, तो समजण्याच्या अवस्थेत होता. सही झाल्यावर पेशंट म्हणाला "नेमके काय काढणार आहेत हो?", तर तुम्ही समजावत बसायचे नाही. सर्जनना परत बोलवायचे. गुंगीचे औषध दिल्यावर सही घ्यायची नाही. तातडीत जीव वाचवायचा असेल आणि पेशंट बेशुद्ध असेल, तर संमती गृहीत धरतात.

वॉर्ड_आयसोलेशन

इन्फेक्शन कंट्रोलवर सविस्तर लिहिते. घोकंपट्टीने हे जमत नाही, आजार कसा पसरतो ते कळले की पाठ करावे लागत नाही.

हवेतून पसरणारे, म्हणजे बारीक कण तासन्‌तास तरंगतात ते: टीबी, गोवर, कांजिण्या, अंगभर पसरलेली नागीण. यांना निगेटिव्ह प्रेशरची एकट्याची खोली, तासाला ६ ते १२ वेळा हवा बदलणारी, दार बंद. आत जाणाऱ्याला एन९५ (बारीक कण गाळणारा घट्ट मास्क). कांजिण्या आणि पसरलेल्या नागिणीला याशिवाय कॉन्टॅक्टही (स्पर्शाची काळजी, गाऊन आणि ग्लोव्ह्ज), कारण फोडातल्या पाण्यातूनही लागण होते. नागीण एकाच पट्ट्यात असेल, झाकलेली असेल आणि पेशंटची प्रतिकारशक्ती चांगली असेल, तर स्टँडर्ड प्रिकॉशन (प्रत्येक पेशंटला घेतो ती नेहमीची काळजी) पुरतात. हा फरक विचारतात.

थेंबांतून पसरणारे: फ्लू, डांग्या खोकला, गालगुंड, रुबेला, घशाचा घटसर्प, मेनिंगोकॉकल मेनिंजायटिस. मोठे थेंब दूर जात नाहीत, म्हणून साधा सर्जिकल मास्क पुरतो आणि दार उघडे चालते.

स्पर्शातून: एमआरएसए आणि व्हीआरई (अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू), खरूज, सी. डिफिसिल (जुलाब घडवणारा जंतू). गाऊन आणि ग्लोव्ह्ज. सी. डिफिसिल वेगळे लक्षात ठेवा: त्याचे स्पोअर अल्कोहोल हँडरबने मरत नाहीत, साबण आणि पाण्यानेच हात धुवायचे, खोली ब्लीचने पुसायची. पर्यायांत हँडरब असला आणि पेशंटला सी. डिफिसिल असला की तो पर्याय चूक.

आपल्याकडे टीबीचा पेशंट खिडकीजवळच्या खाटेवर आणि नातेवाइकाच्या तोंडाला रुमाल, हे चित्र डोळ्यात बसलेले असते. परीक्षेत निगेटिव्ह प्रेशरची खोली आहे असेच धरा.

तासगावची_लेक

टीबीच्या पेशंटला एक्स-रेला न्यायचे असेल तर त्याला एन९५ घालायचा ना?

वॉर्ड_आयसोलेशन

नाही, पेशंटला सर्जिकल मास्क. एन९५ आत येणारी हवा गाळायला आहे, तो घालायचा आपण. पेशंटच्या तोंडातून बाहेर पडणारे अडवायचे तर सर्जिकल मास्क पुरतो, आणि आधीच दम लागलेल्या माणसाला एन९५ मधून श्वास घेणे जड जाते. शिवाय पोर्टेबल एक्स-रे खोलीतच होत असेल तर तो पर्याय जास्त बरा, कारण गरज नसताना पेशंट हलवायचा नाही.

पीपीईचा, म्हणजे गाऊन-मास्क-ग्लोव्ह्ज या संरक्षक साधनांचा क्रमही इथेच लिहिते. घालताना: हात स्वच्छ, गाऊन, मास्क, गॉगल, शेवटी ग्लोव्ह्ज, आणि ग्लोव्ह्ज गाऊनच्या बाहीवरून वर ओढायचे. काढताना सगळ्यांत घाण ते आधी: ग्लोव्ह्ज, गॉगल, गाऊन, शेवटी मास्क, मग हात धुणे. एन९५ खोलीच्या बाहेर आल्यावर, दार लावून काढायचा. मधेच हात घाण झाले तर तिथेच धुवायचे. ड्रॅग करून क्रम लावण्याचे प्रश्न यावर येतात. घालण्याचा आणि काढण्याचा क्रम एकमेकांचा उलटा नाही, हे ध्यानात ठेवा. उलटा धरून लावला की चुकतो.

द्राक्षबाग

आपल्या भागाशी जोडून एक लिहितो. द्राक्षाच्या बागेत फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशक) अंगावर पडलेला पेशंट आला: लाळ गळते, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या, घाम, जुलाब, पल्स मंद. पर्याय: ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) द्या, कपडे काढा, आयव्ही लाइन लावा, पीपीई घाला. आपला हात ॲट्रोपिनकडे जातो. उत्तर आधी पीपीई, मग कपडे काढून साबण-पाण्याने धुणे. फवारणीचे औषध कातडीतूनही शोषले जाते आणि कपड्यांवरून तुमच्या अंगाला लागते. सिस्टरच पडली तर पेशंटला कोण बघणार? स्राव फुफ्फुसात साचतात म्हणून सक्शन आणि श्वासमार्ग बघायचाच, आणि ॲट्रोपिन पुरेसे झाले हे पल्सवर किंवा बाहुलीवर ठरवत नाहीत, छातीतले स्राव सुकले का त्यावर ठरवतात.

औषधगणित

हिशोबाचे प्रश्न कमी असतात, पण त्यात हमखास मिळवता येते. चूक होते ती गणितात नाही, एककात.

तिकडे वजन पौंडात. २.२ ने भागले की किलो. पेशंट १७६ पौंड म्हणजे ८० किलो. हेपरिन किलोला ताशी १८ युनिट, बाटलीत ५०० मिलीमध्ये २५,००० युनिट. एका मिलीत ५० युनिट. ८० गुणिले १८ म्हणजे ताशी १४४०, भागिले ५०, ताशी २८.८ मिली. प्रश्नात दशांशाच्या एका घरापर्यंत म्हटले असेल तर २८.८, पूर्णांकात म्हटले तर २९. मधल्या पायरीवर कधी राउंड करायचे नाही, शेवटीच एकदा. आणि उत्तराच्या चौकटीत एकक टाइप करायचे नाही, फक्त आकडा.

थेंबांचा हिशोब: १००० मिली ८ तासांत, सेट १५ थेंबांचा. १००० गुणिले १५ भागिले ४८० मिनिटे, ३१.२५, म्हणजे मिनिटाला ३१. आपल्या हाताला २० थेंबांच्या सेटची सवय आहे. प्रश्नात जो ड्रॉप फॅक्टर दिला आहे तोच घ्या.

इन्सुलिनमध्ये मोठा सापळा. आपल्याकडे ४० युनिटची व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज अजून वापरात आहे, १०० युनिटची नारिंगी टोपीची वेगळी. एनक्लेक्समध्ये इन्सुलिन म्हणजे यू-१०० (एका मिलीत १०० युनिट) धरा. रेग्युलर (स्वच्छ दिसणारे) आणि एनपीएच (गढूळ दिसणारे) इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घ्यायचे असेल तर: एनपीएचमध्ये हवा, रेग्युलरमध्ये हवा, रेग्युलर ओढा, मग एनपीएच ओढा. स्वच्छ आधी, गढूळ नंतर, म्हणजे रेग्युलरच्या व्हायलमध्ये एनपीएचचा अंश जात नाही. ग्लार्जिन हे इन्सुलिन कशातच मिसळायचे नाही.

कराडचा_ब्रदर

भर घालतो. पोटॅशियम क्लोराइड आयव्ही पुश हा पर्याय कुठेही दिसला तर चूकच, हृदय थांबते. पातळ करून, पंपावर, हाताच्या शिरेतून ताशी १० एमईक्यूच्या (मिलिइक्विव्हॅलंट) वर नाही, आणि लावण्याआधी लघवी होते आहे का ते बघायचे, ताशी ३० मिली तरी. डिगॉक्सिनआधी एपिकल पल्स (छातीवर ऐकलेले हृदयाचे ठोके) पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाला ६० च्या खाली असेल तर डोस थांबवायचा. पोटॅशियम उतरले की डिगॉक्सिनचे विष वाढते, म्हणून फुरोसेमाइड (लघवीवाटे पोटॅशियमही घालवणारे औषध) चालू असलेल्या पेशंटचे पोटॅशियम बघितल्याशिवाय पुढे जायचे नाही. मॅग्नेशियम सल्फेट चालू असताना श्वास १२ च्या खाली, गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला, लघवी ताशी ३० मिलीच्या खाली, यातले काहीही दिसले की आधी इन्फ्युजन बंद. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. हेपरिनला प्रोटामाइन सल्फेट, वॉरफरिनला व्हिटॅमिन के.

तासगावची_लेक

औषधांच्या नावांचे काय? काही नावे ओळखीचीच वाटत नाहीत.

औषधगणित

परीक्षेत कंपनीची नावे नसतात, मूळ नावे असतात, पण ती अमेरिकेतली. पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, ॲड्रिनॅलिन एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, पेथिडीन मेपेरिडीन. वॉर्डात ज्या ब्रँडच्या नावाने औषध मागतो ते डोक्यातून काढायला वेळ लागतो, म्हणून तयारीच्या पहिल्या आठवड्यापासून ट्रॉलीवरची प्रत्येक पट्टी उलटून मूळ नाव वाचायची सवय लावा.

रक्तपेढी_सांगली

रक्त चढवण्यावर प्रश्न येतोच असे धरून चाला. खाटेजवळ दोन लायसन्सधारक व्यक्तींनी पडताळायचे: नाव, जन्मतारीख, बँडवरचा नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत. खाट नंबर किंवा खोली नंबर ही ओळख नाही. आपल्याकडे "७ नंबरची पिशवी" असे बोलले जाते, ते इथे चूक. "तुम्ही पाटील ना?" असेही विचारायचे नाही, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचे पूर्ण नाव सांगा" असे विचारायचे.

सोबत फक्त ०.९ टक्के नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोजमध्ये तांबड्या पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात. रक्तपेढीतून आल्यावर ३० मिनिटांच्या आत सुरू, ४ तासांच्या आत संपवायचे. पहिली १५ मिनिटे पेशंटजवळ थांबायचे. थंडी, ताप, कंबर दुखणे, खाज, दम, काहीही झाले की क्रम असा: रक्त बंद, नळी बदला, नव्या नळीने नॉर्मल सलाईन चालू ठेवा, पल्स-बीपी, डॉक्टर आणि रक्तपेढीला कळवा, पिशवी आणि नळी परत पाठवा, लघवीचा नमुना. रक्त बंद करून त्याच नळीतून सलाईन सोडली तर नळीत उरलेले रक्त पेशंटला जातेच, म्हणून नळी बदलणे हा वेगळा टप्पा आहे.

वाळवेकर

रिस्ट्रेंटवर (पेशंटला बांधून किंवा अडवून ठेवणे) थोडक्यात. खाटेच्या चारही कडा वर केल्या आणि हेतू पेशंटला अडवण्याचा असेल तर तोही रिस्ट्रेंटच धरतात. आपल्याला मात्र तो काळजी घेण्याचाच भाग वाटतो. पट्टा खाटेच्या चौकटीला, कडेला नाही. कड खाली केली की हात ओढला जातो. पटकन सुटणारी गाठ, पट्ट्याखाली दोन बोटे जायला हवीत. "गरज पडेल तेव्हा" अशी ऑर्डर चालत नाही. हिंसक वागण्यासाठीची ऑर्डर मोठ्यांसाठी ४ तास, ९ ते १७ वयाला २ तास, ९ च्या खालच्या मुलांना १ तास. दर २ तासांनी सोडून हालचाल, पाणी, लघवी. आणि त्याआधी बाकीचे उपाय करून बघितले का, हे प्रश्नात शोधा: नर्सिंग स्टेशनजवळची खोली, बेड अलार्म, जवळ बसणारे माणूस, दुखते आहे का, लघवीला जायचे आहे का. गोंधळलेला म्हातारा माणूस उठून जायला बघतो तेव्हा बरेचदा त्याला लघवीलाच जायचे असते.

आगीचा क्रम: पेशंट बाहेर काढा, अलार्म, दारे बंद, मग विझवा. खोलीत धूर दिसला आणि आत पेशंट असेल तर अलार्मआधी पेशंट.

नाईटसिस्टर_मिरज

"लागू असतील ते सगळे निवडा" या प्रश्नांत आता अर्धे मार्क मिळतात म्हणे. मग शंका असेल तो पर्यायही टिक करावा का?

कृष्णाकाठ

१ एप्रिल २०२३ पासून नवे स्वरूप आले तेव्हापासून अंशतः गुण मिळतात, पण सगळीकडे सारखे नाही. "लागू असतील ते सगळे" यात बरोबरला १ मिळतो आणि चुकीच्या निवडीला १ वजा होतो, शून्याच्या खाली मात्र जात नाही. म्हणून सगळे टिक करून ठेवण्यात फायदा नाही. ५ पैकी ३ बरोबर असताना पाचही निवडले तर ३ वजा २, हातात १. खात्रीचे दोनच निवडले तर २. "अमुक इतके निवडा" असे सांगितले असेल किंवा ओळीत एकच निवडायचा असेल, तिथे वजाबाकी नाही, तिथे रिकामे सोडू नका.

केस स्टडी किमान ३, प्रत्येकी ६ प्रश्न. सहाही प्रश्न एकाच पेशंटचे आणि ठरलेल्या चालीने: कोणती लक्षणे महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, सगळ्यांत मोठा धोका कोणता, काय करता येईल, आत्ता काय करणार, फरक पडला का. पहिला चुकला तरी पुढचा प्रश्न वेगळा तपासतात, म्हणून घाबरून पुढची पाचही घालवू नका. केसमध्ये नर्सेस नोट्स, लॅब, व्हायटल्स अशा टॅब असतात. व्हायटल्स वाचताना एकच आकडा बघू नका, ८ वाजताचा आणि १० वाजताचा शेजारी ठेवा. बीपी १०२ वर ६४ एकटे बघितले तर ठीक वाटते. दोन तासांपूर्वी १३८ होते आणि पल्स ७८ वरून ११६ झाली, हे दिसले की आतून रक्तस्राव सुरू आहे हे कळते.

कराडचा_ब्रदर

कागदपत्रांचे एक सांगायला हवे, कारण यात तयारी वाया जाते. रजिस्ट्रेशनवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव तंतोतंत एक हवे. आपल्याकडे डिप्लोमावर माहेरचे नाव, कौन्सिलच्या नोंदणीत सासरचे, पासपोर्टवर मधले नाव कधी वडिलांचे कधी नवऱ्याचे, असे होते. फॉर्म भरण्याआधी पासपोर्ट समोर ठेवा, गिव्हन नेमच्या रकान्यात काय आहे आणि सरनेमच्या रकान्यात काय आहे ते अक्षर न अक्षर उतरवा. आधीच्या नावाच्या कागदांना जोडणारा लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ हवी. एटीटी (परीक्षेला बसायची परवानगी) आली की तिच्यावर तारखा छापलेल्या असतात, त्या वाढवून मिळत नाहीत. त्या खिडकीत जागा मिळवून परीक्षा द्यायची, नाहीतर फी परत भरून पहिल्यापासून.

तासगावची_लेक

मुंबईचे केंद्र घेतले तर महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पेपर देता येईल का?

कराडचा_ब्रदर

तसे करू नका. गाडीला तासभर उशीर झाला तरी गणित बिघडते, आणि रात्रभर बर्थवर कूस बदलून ५ तास स्क्रीनसमोर बसायचे आहे. एक दिवस आधी पोहोचा, दुपारी जाऊन केंद्राचे दार बघून या. वेळेच्या ३० मिनिटे आधी हजर राहायचे असते. फोटो, सही आणि तळहाताच्या शिरांचे स्कॅन होते. फोन, घड्याळ, पर्स बाहेर. मंगळसूत्र आणि बांगड्यांबद्दल केंद्राला आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी दारात विचार करायला लागू नये.

द्राक्षबाग

महापुराच्या अनुषंगाने एक प्रश्न ठेवतो. कृष्णेला पूर आला आहे, हॉस्पिटलला ताबडतोब खाटा रिकाम्या करायच्या आहेत. कोणाला घरी सोडता येईल? एक, न्यूमोनियाचा, आजच आयव्ही अँटिबायोटिक सुरू केलेला, ताप १०३. दोन, छातीत दुखते म्हणून आलेला, पहिला ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, दुसरा यायचा आहे. तीन, लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढून एक दिवस झालेली, चालते, पातळ खाते, तोंडाच्या गोळीने दुखणे आवरते. चार, डीकेएचा (डायबेटिसमध्ये रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर प्रकार), इन्सुलिन ड्रिपवर.

नाईटसिस्टर_मिरज

तिसरी. बाकी तिघांना चालू उपचार किंवा तपासणी थांबवून पाठवावे लागेल. दुसऱ्याचा पहिला ट्रोपोनिन नॉर्मल असला तरी तो वाढायला काही तास लागतात, म्हणून एकावर सोडता येत नाही.

द्राक्षबाग

बरोबर. आता पुढचा भाग: तिला सोडताना आणि चौथ्याला दुसऱ्या मजल्यावर हलवताना यूएपीला कोणते काम देणार?

नाईटसिस्टर_मिरज

तिसरीला व्हीलचेअरवरून दारापर्यंत नेणे आणि तिचे सामान भरायला मदत. जखम कशी बघायची, ताप आला किंवा पोट फुगले तर काय करायचे हे मी शिकवणार. चौथ्यासोबत मी स्वतः जाणार, कारण ड्रिप चालू आहे आणि साखर दर तासाला बघायची आहे.

वॉर्ड_आयसोलेशन

आणि निघण्याआधी पंपाची बॅटरी बघा.